वाऱ्याकडचा किनारा

सेंट पॉल,
२८ सप्टेंबर १९९७

कुकोला-सरोवराधिपती श्रीयुत आर्विड नीमी यांस,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवणे भाग आहे की माझी उशी आपल्याकडून विनापरवाना वापरली जात आहे. जुलैत तुझ्या बोटीत मी जी निळी उशी विसरून आलो, ती सुमतीने, म्हणजे माझ्या सहधर्मचारिणीने, जुन्या साड्यांचे सात थर घालून स्वहस्ते शिवलेली आहे. परवाच्या पत्रात तू लिहितोस, "उशी बरी आहे." तीनच शब्द, पण त्यांत गुन्हा, कबुली आणि अभिप्राय असं सगळंच आलं. बसून पाहिल्याशिवाय उशी बरी की वाईट हे कुणालाही कळत नाही. शिक्षा काय ती मागाहून सांगेन.

आता कामाचं. जानेवारीत तुझा गुडघा बदलणार, आणि डॉक्टर म्हणतो पुढचा उन्हाळा काठावर खुर्ची टाकून बघ. म्हणजे बिशपला, आपल्या त्या माशाला, धरायचं तर तळं गोठायच्या आतले हे पाच-सहा आठवडेच हाताशी आहेत. जुलैत तो सुटला तो माझ्यामुळे, हे मी नाकारत नाही. बावीस इंचांचा तपकिरी बास बोटीला टेकला होता, तू ओरडत होतास, "डोक्याकडून, प्रोफेसर, डोक्याकडून!" आणि मी जाळं घातलं शेपटीकडून. त्याने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि गेला. बावन्न वर्षांत इतक्या थोडक्या वेळात माझा इतका सविस्तर अपमान कुणी केला नव्हता.

गेली दहा वर्षं मी पाहतोय. ऑक्टोबरात वारा सुटला की तू पश्चिमेच्या आडोशाला, पाइनच्या रांगेखाली नांगर टाकतोस, कॉफी पितोस, काही लागत नाही, मग म्हणतोस मासे झोपले. माझा सिद्धांत असा की मासे जागे आहेत, झोपलोय आपण. वारा दोन दिवस एकाच दिशेने वाहिला की वरचं त्यातल्या त्यात ऊबदार पाणी पूर्वेच्या खडकाळ किनाऱ्याला जाऊन साचतं. त्याबरोबर बारीक जीव, त्यांच्यामागे पिटुकले पर्च मासे, आणि पर्चांमागे हिवाळ्याची बेगमी करायला निघालेले बास. लाटांनी पाणी ढवळलेलं, उजेड मोडलेला, त्यामुळे त्यांना दोराही दिसत नाही आणि बोटही. जिथे आपल्याला बसवत नाही, नेमका तिथे तो जेवायला बसलेला असतो. तेव्हा पूर्वेला जा. फिरत्या पात्यांचं आमिष घे आणि लाट ज्या बाजूने येते त्याच बाजूने ओढ.

आणि ते नारंगी लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं.

तुझा, सध्या उशीविना,
श्रीपाद वैशंपायन

*

कुकोला लेक,
२ ऑक्टोबर

प्रोफेसर,

उशी मिळणार नाही. लाइफ जॅकेट तिच्याखाली ठेवलंय. दोन्ही मिळून उंची बरोब्बर होते.

तुझा सिद्धांत इल्माला वाचून दाखवला. बहीण म्हणाली, "आर्विड, हा माणूस गरम खोलीत बसून लिहितो." मी म्हटलं, "हो, पण लिहितो छान." ती म्हणाली, "छान लिहिणाऱ्याला मासे लागत असते तर पाद्र्यांनी तळं केव्हाच रिकामं केलं असतं." तिचं मत कळवलं. माझं वेगळं नाही.

मी या तळ्यावर एकाहत्तर वर्षं काढली. मधली तीस खाणीत, पण रविवार इथेच. वारा असला की माणूस आडोशाला जातो. याला आमच्याकडे अक्कल म्हणतात. पूर्वेच्या किनाऱ्यावर लाट बोटीला उचलून दगडावर ठेवते. माझी बोट चौदा फुटी ॲल्युमिनियमची. इंजिन तुझ्या लग्नापेक्षा जुनं आणि जास्त कुरकुर करणारं.

पाणी चोपन्न अंश फॅरनहाइट. तामरॅकची झाडं पिवळी पडली. काल गारठ्यात बर्फमिश्रित पाऊस झाला. बोट रोज संध्याकाळी वर ओढून ठेवतो आणि तळाचं बूच काढतो, म्हणजे पाणी निथळून जातं. नाहीतर सकाळी बोटीत बर्फाची लादी. बूच कोटाच्या खिशात, सकाळी परत भोकात. असल्या गोष्टी तुझ्या सिद्धांतात नसतात.

पण सोमवारी आडोशाला चार तास बसलो. एक पर्च लागला. तोही चुकून, शेपटीला.

तू बरोबर आहेस असं मी म्हणत नाही. फक्त विचारतो. पाती पांढरी की पिवळी?

आर्विड

*

सेंट पॉल,
५ ऑक्टोबर

प्रिय आर्विड,

पांढरी की पिवळी! शास्त्रार्थात प्रतिपक्षाने असा प्रश्न विचारला की मध्यस्थ उठून घरी जातात, वाद संपलेला असतो. तू शरण आलास हे मी कुणाला सांगणार नाही. सुमतीला सांगितलं. वर्गाला सांगितलं. माझ्या संस्कृतच्या वर्गात यंदा चार विद्यार्थी आहेत, त्यांतले दोघे योगासनं शिकायला म्हणून चुकून आलेत, पण तुझं पत्र वाचलं तेव्हा चौघेही प्रथमच टिपणं घेत होते.

पांढरी. ढग असेल तर पांढरी, पाणी गढुळलं असेल तरच पिवळी. आणि नीट ऐक. तिथे नांगर टाकू नकोस. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा, इंजिन हळू चालू ठेव, बोटीचं तोंड लाटेकडे, आणि मागे दोरीला एक बादली बांधून पाण्यात सोड. बादली ओढ धरते, बोट वेड्यासारखी पळत नाही. असं किनाऱ्याला समांतर घसरत जायचं. लाट दगडावर फुटते त्या फेसाच्या अगदी कडेला आमिष टाकायचं, पडताक्षणी दोरा ताठ करायचा. वाऱ्याने दोऱ्याला पोट येतं आणि मासा लागून सुटला तरी कळत नाही. गळाच्या काठीचं टोक पाण्याजवळ ठेव. थंडीत तो पाठलाग करत नाही, तोंडासमोरून गेलं तर खातो. म्हणून हळू. तुझ्या मते हळू असेल त्याच्या निम्मं.

माझी सुट्टी पंचवीस तारखेला लागते. तोवर तूच माझे हात. हे लिहितानाच माझे हात शिवशिवताहेत. काल व्याख्यान देताना छडीने फळ्यावर काहीतरी दाखवत होतो, एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुम्ही गळ टाकताय."

उत्तर ताबडतोब,
श्रीपाद

*

कुकोला लेक,
९ ऑक्टोबर

प्रोफेसर,

सात.

बुधवारी. वायव्येचा वारा, तिसरा दिवस. मी तुला खोटं पाडायला गेलो होतो, हे आधी सांगतो. बादली बांधली. इंजिनाला शिव्या घातल्या. पांढरं आमिष फेसात टाकलं. दोन वेळा फिरवलं असेल, आणि कुणीतरी काठीला दार आपटावं तसा हिसका. सतरा इंच. सोडला. परत टाकलं. परत दार.

इल्माचं घर तिथेच काठावर, तुला माहीत आहे. ती दुर्बीण घेऊन बाहेर आली. ओरडली, "काय झालं?" मी म्हटलं, "तिसरा!" ती म्हणाली, "कुठला तिसरा?" मी म्हटलं, "मासा, बाई, मासा!" ती म्हणाली, "खोटं बोलतोस, वर धर." वर धरला. मग ती धावत आत गेली. मला वाटलं कॅमेरा आणायला. कोट घालून आली आणि दगडावर उभी राहून मोजायला लागली. पाचव्याला टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षांत तिने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. माझ्या लग्नातसुद्धा नाही.

शेवटचा एकोणीस इंच. बिशप नव्हता. पण त्याचं अख्खं घराणं होतं.

बुधवार म्हणून वाफेच्या स्नानाचा सौना तापलेलाच होता. आत बसलो तरी सात मोजत होतो. इल्माने हरणाचं मांस भरून पेस्टी भाजल्या, मी चार खाल्ल्या आणि तुझा सिद्धांत तिला परत वाचून दाखवला. तिने पाचवी माझ्या ताटात टाकली. तिच्या हिशेबी हे कौतुक आहे.

आज पाणी एकोणपन्नास. तेच दगड, तोच वारा, दोन तास मारले, काही नाही. एका रात्रीत गेले. कुठे गेले? लवकर सांग. मी टपालपेटीपाशी उभा राहत नाही, पण इल्मा म्हणते मी उभा असतो.

आर्विड

*

सेंट पॉल,
१२ ऑक्टोबर

अरे आर्विड, सात!

सुमती म्हणते मी पत्र उभ्याने वाचलं आणि वाचताना स्वयंपाकघरातून दोनदा फिरून आलो. त्या घराण्याला माझा नमस्कार कळव.

कुठे गेले? खाली गेले. पन्नासच्या खाली पाणी गेलं की दगडावरची पंगत उठते. आता सगळे एका जागी जमतील, आणि आर्विड, हाच तो क्षण आहे, कारण मोठेही त्यांच्यातच असतील! इल्माच्या घरासमोरचं ते खडकाचं नाक आठव. त्याच्या टोकाला तळ बारा फुटांवरून एकदम तीस फुटांवर उतरतो. त्या उताराच्या पायथ्याशी, अठ्ठावीस फुटांवर, बिशप हिवाळ्याला टेकला असणार. पैजेवर सांगतो.

आता फिरती पाती नकोत. ते माशाच्या आकाराचं पातळ पत्र्याचं आमिष घे. सरळ खाली सोड, तळाला टेकू दे, एक फूट उचल की हाताला थरथर लागेल, मग ताठ दोऱ्यावर परत पडू दे. घेतो तो पडताना. हिसका येत नाही, फक्त दोरा जड लागतो, ओलं फडकं अडकावं तसा. जड लागला की ओढ. खोलातून आलेल्या माशाला वरची हवा सोसत नाही. पटकन माप आणि डोकं खाली करून सोड.

इथे मात्र नांगर टाकावाच लागेल. पुढच्या टोकाला बांध, मागे कधीही नाही, आणि शंभर फूट दोर सोड म्हणजे लाटेत धरून राहील. वाऱ्याचाच दिवस निवड. निवांत दिवशी ते पांगतात. आणि अंगभर घालून जा. तो तुझा फाटका कोट खुंटीला टांगून ठेव, गेल्या नाताळात मी दिलेला जाड कोट बाहेर काढ. दोन-तीन तास एका जागी बसायचंय.

"पंचवीसपर्यंत माझ्यासाठी थांब" असं वाक्य मी लिहिलं होतं. खोडलं. तोवर पाणी चाळिशीवर येईल आणि तो तोंडही उघडणार नाही. जा तू. याच आठवड्यात जा!

श्रीपाद

*

कुकोला लेक,
१६ ऑक्टोबर

प्रोफेसर,

बिशप आला.

मंगळवारी. अठ्ठावीस फूट नव्हे, सव्वीस. तेवढा तू चुकलास. बाकी सगळं तू म्हणालास तसं. वारा असा होता की टोपी दोनदा धरावी लागली. नांगर धरला. आमिष खाली सोडलं. पाच-दहा मिनिटं काहीच नाही. मग उचललं, सोडलं, आणि पडलंच नाही. ओलं फडकं. मी ओढलं आणि फडकं चालायला लागलं.

प्रोफेसर, तो वर येईना. दहा मिनिटं नुसता तळाशी बसून डोकं हलवत होता, मला ते कोपरापर्यंत कळत होतं. मग एकदम वर आला आणि बोटीशेजारी पाण्यातून अख्खा बाहेर निघाला. पिंपाएवढा. मी ओरडलो. काय ओरडलो ते इल्मा सांगत नाही, म्हणते रविवारी चर्चला जायचंय. जाळं डोक्याकडून घातलं. हातात धरला. डोळा तांबडा, तोंड माझी मूठ जाईल एवढं. तोच. ओठाला आपला जुलैचा व्रण होता. मग डोकं खाली करून सोडला. शेपूट मारून गेला.

मापला नाही. पट्टी हाताशी नव्हती. बावीसच्या वर, माझा शब्द.

मंगळवारी दुपारी सौनात बसलो तरी हसू थांबत नव्हतं.

पेन्सिलीने लिहितोय, पेन चालत नाही. कागद कॅलेंडरचा आहे, मागची बाजू चांगली आहे. चष्मा कुठे ठेवला गेलाय, इल्माचा लावलाय, म्हणून अक्षर असं. शहरातून येताना दोन बुचं आण, एक इंची. शंभर फूट दोर. पत्र्याची आमिषं चार-पाच. माझी पेटी जरा हलकी झालीये. उशीबद्दल भेटल्यावर बोलू.

तिथे अजून आहेत, प्रोफेसर. त्याच्याहून मोठा एक मागून आला होता, मी पाहिला. पुढच्या आठवड्यात वारा धरला की परत जातो.

आर्विड

*

सेंट पॉल,
२० ऑक्टोबर

प्रिय आर्विड,

सव्वीस फूट. दोन फुटांची चूक मान्य, जाहीर मान्य. तो बोटीशेजारी अख्खा बाहेर निघाला हे वाक्य मी सुमतीला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बरं, पण बाकीचं पत्र वाचलंत का?"

वाचलं. मी अनुमान शिकवून पोट भरतो. लक्षणावरून कारण ओळखायचं, एवढंच ते शास्त्र. तेव्हा बघ. नीमींच्या घरी सौना बुधवारी आणि शनिवारी तापतो. तुझ्या लेकीच्या लग्नाच्या आठवड्यातही त्यात बदल झाला नव्हता. मंगळवारी भर दुपारी फिनिश माणूस सौना तापवतो तो एकाच कारणाने, जीव गारठला म्हणून. त्यात, चाळीस वर्षांत एकही आमिष न हरवलेल्या माणसाची पेटी हलकी झाली. पावसुद्धा पट्टीने मोजून कापणाऱ्या माणसाला पट्टी सापडली नाही. चष्मा गेला, पेन गेलं, शंभर फूट दोर गेला. आणि बूच हवंय.

शनिवारी इल्माला फोन केला. विचारलं, "आर्विड कसा आहे?"

"बरा आहे."

"मंगळवारी सौना कशाला तापवला होता?"

ती म्हणाली, "त्याने तेही लिहिलं? गाढव आहे माझा भाऊ." आणि मग थांबेचना. "मी खिडकीशी भांडी घासत होते. बघते तर बोटीचा मागचा भाग पाण्यात बसलेला, आणि हा त्यात उभा, नडगीभर पाण्यात, काठी वाकलेली. बाहेर येऊन ओरडले, 'आर्विड, बोट भरतेय!' तर म्हणतो कसा, 'माहीत आहे! जरा थांब!' जरा थांब! मला म्हणतो! मासा घेतला, मासा कुरवाळला, मासा सोडला, मग सुरी काढून नांगराचा दोर कापला. तोवर गुडघ्याच्या वर आलं होतं. लाटेने आणून आपटली बोट माझ्यासमोरच्या दगडांवर, आणि उलटी झाली. छातीभर पाण्यातून आला, तो गुडघा घेऊन. दगडावर त्याला चढवेना, कोट भिजून धोंडा झालेला. मी कॉलर धरून ओढलं. ओठ निळे, दात असे वाजत होते की बोलणं कळेना. आणि काय बोलत होता माहितीये? 'सव्वीस फूट, इल्मा, सव्वीस फूट.'"

मी विचारलं, "बूच?"

"जुन्या कोटाच्या खिशात. त्याच्या घरी खुंटीला टांगलाय कोट, मी स्वतः पाहिला."

बोट चालत असते तोवर भोकातून फारसं पाणी येत नाही, हे तूच मला शिकवलंस. नांगर टाकून उभी राहिली की येतं. नांगर टाक हे मी लिहिलं. जुना कोट टांग, जाड घाल हे मी लिहिलं. वाऱ्याचाच दिवस निवड, थांबू नकोस, याच आठवड्यात जा, हेही मीच. यातलं एकेक वाक्य बरोबर होतं आणि मी ती सगळी रेडिएटरशेजारी बसून लिहिली. त्या दिवशी वारा दुसरीकडून असता तर त्याने तुला इल्माच्या दगडांवर न टाकता तळ्याच्या मध्यावर नेलं असतं.

तू हे माझ्यापासून का लपवलंस तेही मला कळतं. मी "जा" म्हणायचं थांबेन म्हणून.

आर्विड, मला तो दुसरा मासा हवाय. खोटं कशाला बोलू, तू लिहिलंस तेव्हापासून तो डोळ्यांसमोरून हलत नाही. मी वर्ग रद्द केले आहेत, गुरुवारी निघतो. बुचं, दोर, आमिषं आणि दोन लाइफ जॅकेटं आणतो. मी येईपर्यंत बोट आहे तिथे उलटीच राहू दे. हे मी गमतीने लिहीत नाही.

एक गोष्ट राहिली. शनिवारी तुझं पत्र आलं, त्याच्या पाकिटावरचा पत्ता इल्माच्या हातचा होता. तिच्या चष्म्याने तुला जमलं नसेल. पण मला ते माहीत नव्हतं. इल्मा मला नाताळाखेरीज कधी लिहीत नाही. ते पाकीट मी टेबलावर ठेवलं आणि अर्धा तास फोडलं नाही. मला वाटलं तू बुडालास. मी जा म्हटलं म्हणून गेलास आणि बुडालास.

तू तिथे एकटा असतोस, आणि मी सांगितलेलं सगळं करतोस. मला याची फार भीती वाटते.

श्रीपाद